कासवांच्या पाहुण्यांसाठी घर उघडताना

गेल्या श्रावणात राजापूरकडच्या एका गावातून फोन आला. बाई म्हणाल्या, "काकू, आमच्याही किनाऱ्यावर कासवं येतात. आम्हा पाच जणींना घरात पाहुणे ठेवायचेत. खोल्यांना रंग कुठला द्यावा?" मी म्हटलं, रंगाचं राहू द्या. डिसेंबरात पहाटे चार वाजता तुमच्या किनाऱ्यावर चालतं कोण? बाई गप्प. मग म्हणाल्या, "तसं कोणी नाही." तर मग पाहुण्यांचं बोलण्यात अर्थ नाही, म्हटलं.

त्यांना राग आला असावा. पण फोनवर सगळं सांगून होत नाही आणि असे फोन आता वर्षाला पाच-सहा येतात, म्हणून लिहूनच काढते. मी दापोली तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. गावातली आम्ही नऊ घरं फेब्रुवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत कासवाची पिल्लं बघायला येणारे लोक घरात ठेवतो. आठ हंगाम झाले. हे डोकं आमचं नाही, वेळासचं आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणवीसांचं मूळ गाव. तिथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या माणसांनी, कासवाची अंडी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव सुरू झाला २००६ला. मधली चार वर्षं मोजा. चार वर्षं नुसती अंडी राखली, मग पाहुणे आले. आम्ही बघायला गेलो तेव्हा गावातल्याच एका घरी राहिलो, आणि परतताना एसटीत आमच्यात जो वाद झाला तो यावरच: आधी खोल्या की आधी राखण? माझं मत तेव्हाही हेच होतं. आधी किनाऱ्यावरच्या माणसाचा पगार, मग पाहुणे.

पगार कुणाला द्यायचा

गावात एक तरी माणूस असा असतो ज्याला कासवाचं घरटं न चुकता सापडतं, आणि तो बहुतेक वेळा पूर्वी अंडी काढणाराच असतो. आमच्याकडे ते मामा. (गावच त्यांना मामा म्हणतं.) त्यांच्या तरुणपणी अंडी विकली जायची, खाल्लीही जायची. आमच्या सासूबाईंनी त्या अंड्यांची पोळी करून खाल्ल्याचं त्या स्वतः सांगायच्या, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मामा काठी टोचून घरटं शोधायचे. काठीच्या टोकाला बलक लागला की खाली अंडी.

आता तेच मामा काठी नेत नाहीत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते, जानेवारीत, कानाला मफलर गुंडाळून. ओहोटी लागलेली. बॅटरीवर त्यांनी लाल कागद बांधला होता. अर्धा किनारा चालून झाल्यावर थांबले आणि पायानं दाखवलं. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा माग, दीडेक हात रुंद, पाण्यातून वर गेलेला आणि शेजारून पुन्हा पाण्यात उतरलेला. कासवीण येऊन गेली होती. वरच्या टोकाला वाळू विस्कटलेली, चारी बाजूंना उडालेली. मला ती सगळी सारखीच दिसत होती. मामा चप्पल काढून टाचेनं दाबत दाबत फिरले आणि एका जागी टाच रुतली तशी बसले. कोपरापर्यंत हात खाली गेला. वर आला तेव्हा तळहातावर एक अंडं, टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, कवच मऊ, बोटानं दाबलं तर खळगा पडेल असं. ते म्हणाले, "एकशे अकरा असतील." मोजली तर एकशे सात भरली. चार चुकल्याचं त्यांना दिवसभर लागून राहिलं.

अशा माणसाला आधी बांधून घ्या. त्याला "समाजकार्य करा" म्हणून सांगू नका. ज्याचं उत्पन्न तुम्ही बंद करणार आहात त्याला दुसरं उत्पन्न दिलं पाहिजे, आणि ते पहिल्या महिन्यापासून. मामांशी आमचं जे बोलणं झालं त्यात पर्यावरण हा शब्द एकदाही आला नाही. महिन्याला किती आणि कोणत्या तारखेला, एवढंच बोलणं.

इथे एक गोष्ट ठाम सांगते. अंड्यांना हात लावायचं काम गावानं आपल्या मनानं सुरू करायचं नाही. आपल्याकडे अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले हे कासव १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. अंडी नेणं, विकणं, बाळगणं याला तीन ते सात वर्षं कैद आहे. तेव्हा आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जा, गावात कासवमित्र, म्हणजे अंडी राखणारी गावातलीच माणसं, नेमून घ्या, शिकलेल्या माणसाकडून हाताळणी शिका. अंडी हलवायची तर घातल्यापासून काही तासांत हलवावी लागतात आणि जी बाजू वर होती तीच वर ठेवावी लागते, नाहीतर आतला जीव दगावतो. हॅचरीतला, म्हणजे किनाऱ्यावरच अंडी राखायला केलेल्या कुंपणातला, खड्डाही कासविणीनं खणला असता तसाच, दीडेक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी फुगीर, मडक्यासारखा. प्रत्येक खड्ड्यावर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. ही पाटी पुढे तुमच्या धंद्याचं पंचांग होते, ते सांगतेच.

हिशोब

आता पैसे. इथे मी लपवाछपवी करत नाही, कारण आमच्याकडेही कुणी हिशोब उघडून दाखवला असता तर पहिली दोन वर्षं सोपी गेली असती.

आमचा दर माणशी एका रात्रीला १,१०० रुपये. त्यात दोन जेवणं, नाश्ता, दोन वेळचा चहा. यातले किराणा, भाजी, दूध, नारळ यांना ३३० जातात. भाकऱ्या थापायला आणि भांड्यांना बाई येते तिचे माणशी ६०. गॅस, लाकूड, वीज ५०. धुणं, साबण, गाद्यांची झीज ६०. आणि १०० रुपये कासवाचे. राहिले पाचशे, ते घराचे.

हे कासवाचे शंभर रुपये बिलात मिसळायचे नाहीत. आम्ही त्याचं वेगळं पावतीपुस्तक छापलंय, गुलाबी. पाहुण्याच्या हातात दोन पावत्या पडतात. सगळ्या घरांचे शंभर-शंभर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सगळ्यांसमोर मोजले जातात आणि तिथल्या तिथे पगार दिला जातो. गेल्या हंगामात नऊ घरांत मिळून साडेसातशे रात्री भरल्या, म्हणजे ७५,००० रुपये जमले. किनाऱ्यावर आमची दोन माणसं, मामा आणि त्यांचा पुतण्या, नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने, प्रत्येकी महिन्याला ६,०००. झाले ७२,०००. उरलेल्या तीन हजारांत जाळी, बांबू, बॅटऱ्यांचे सेल. कासवमित्रांना बाहेरून मानधन मिळतं ते वेगळं, आमचे पैसे त्याच्यावर भर.

दिसायला हे अगदी जमून आल्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षी चारच घरं होतो आणि १९० रात्री भरल्या. जमले १९,०००. एकट्या मामांना चार हजारांनी सहा महिन्यांचे २४,००० द्यायचे होते. पाच हजार कमी. चौघींनी १,२५०-१,२५० घातले. माझ्या घरात त्यावरून दोन दिवस अबोला होता, कारण पाहुणे ठेवून वर खिशातून पैसे, हे कुणाला सांगून पटणार? पण मामांचा पगार त्या वर्षी एक तारीखही चुकला नाही, आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःहून शेजारच्या वाडीतल्या दोघांची अंडी काढायची सवय मोडली. ती कशी मोडली ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

एका घराला हंगामाचे चाळीस-बेचाळीस हजार सुटतात. यावर संसार चालत नाही. माझ्या मुलीची कॉलेजची फी आणि खानावळ यात भागते. कुणी तुम्हाला याच्या दुप्पट-तिप्पट आकडा सांगितला तर त्याची वही मागा.

म्हणूनच कर्ज काढून खोल्या बांधू नका. एका ओळखीच्या घरानं तीन खोल्या काढल्या, एसी लावले, फरश्या गुळगुळीत. हंगाम दहा-बारा शनिवार-रविवारांचा, हप्ता बारा महिन्यांचा. आता त्या खोल्या भरायच्या म्हणून तिथे कासवांशी काही घेणंदेणं नसलेली मंडळी येतात, स्पीकर घेऊन. किनाऱ्यालगत बांधायचं तर सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या सरकारी नियमांच्या, परवानग्या निराळ्याच. पडवी, ओटी आणि माजघरात गाद्या घालून जेवढे मावतील तेवढेच पाहुणे घ्या. आमच्याकडे आठ मावतात.

घर

आता त्या बाईंच्या रंगाकडे येऊ. रंग असेल तो चालतो. शेणानं सारवलेलं असेल तर लोक जास्त खूश होतात, फक्त सारवण दोन दिवस आधी करा, ओल्या जमिनीवर गादी घातलीत तर वास राहतो.

पैसे संडासावर खर्च करा. आठ माणसांना दोन हवेत, एक कमोडचा, कारण आजी-आजोबा येतातच. पहाटे साडेपाचला सगळ्यांना एकदमच लागतो, सहाला किनाऱ्यावर पोचायचं असतं. शोषखड्डा विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला. पाणी दुसरी गोष्ट. मार्चअखेर आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागतो. म्हणून शॉवर नाही, बादली. बंबातलं गरम पाणी माणशी एक बादली, आणि हे आल्या आल्या हसत सांगून टाकायचं. पिण्याचं पाणी उकळून, वाळा घालून माठात. प्लास्टिकच्या बाटल्या आम्ही घरात ठेवतच नाही. सुरुवातीला लोक मागतात, वाळ्याचं पाणी प्यायले की विसरतात.

कागदपत्रांत ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, पर्यटन विभागाच्या न्याहरी-निवास योजनेची नोंदणी आणि अन्नसुरक्षेची नोंदणी. ही शेवटची आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरीला हे काम द्या आणि त्याचे तिला पैसे द्या.

पण घराबद्दल मला खरं सांगायचंय ते दिव्याचं. हे माझ्या हातून झालेलं आहे.

तिसऱ्या वर्षी मी पाहुण्यांच्या सोयीसाठी बाहेरच्या गॅलरीत पांढरी ट्यूब लावली. आमचं घर किनाऱ्यापासून दीडशे पावलांवर, मध्ये फक्त सुरूची झाडं. पाहुणे रात्री पत्ते खेळत बसायचे, ट्यूब रात्रभर जळायची. मार्चमधल्या एका सकाळी अंगण झाडायला गेले तर केवड्याच्या बुंध्याशी काहीतरी हललं. मला वाटलं खेकडा. कासवाचं पिल्लू होतं, आगपेटीएवढं, राखाडी, अंगाला वाळू चिकटलेली. मग दुसरं. मग पायवाटेवर एक उलटं पडलेलं, मुंग्या लागलेलं. मामांच्या नजरेतून एक घरटं सुटलं होतं, हॅचरीच्या बाहेर. पिल्लं रात्री तिथे फुटली. पिल्लं उजेडाकडे जातात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री सगळ्यात उजळ असतो तो समुद्र, म्हणून बरोबर पाण्यात जातात. त्या रात्री सगळ्यात उजळ माझी गॅलरी होती.

वाळूत बारीक बारीक रेघांचा माग घरट्यापासून सरळ आमच्या दाराकडे आला होता. एखाद्यानं फणी फिरवावी तसा. आम्हाला अकरा जिवंत मिळाली. बाकीच्यांपैकी किती कावळ्यांनी नेली, किती कुर्ल्यांनी ओढली, माहीत नाही. मामा काही बोलले नाहीत. टोपलीत ओली वाळू घालून त्यांनी अकरा पिल्लं उचलली, वनखात्याच्या माणसाला फोन लावला, आणि जाताना माझ्या ट्यूबकडे एकदा बघितलं.

तेव्हापासून नोव्हेंबर ते मे समुद्राच्या बाजूला एकही दिवा नाही. जिन्याला जमिनीलगत पिवळा झिरो बल्ब, तोही वरून पत्र्यानं झाकलेला. खिडक्यांना गोणपाटाचे पडदे. पाहुणा म्हणाला अंधाराची भीती वाटते, तर त्याला मागच्या अंगाची खोली. आणि हा नियम फक्त होमस्टेवाल्या घरांनी पाळून उपयोगाचा नाही. आम्ही किनाऱ्यालगतच्या सगळ्या घरी जाऊन सांगितलं, आणि ज्या घरांत पाहुणे नाहीत त्यांना झाकणीचे बल्ब कासवाच्या पैशातून आणून दिले.

फोनवर काय बोलायचं

पाहुणा विचारतो, "शनिवारी आलो तर पिल्लं नक्की दिसतील ना?" या प्रश्नाला "हो" म्हटलंत की तुमचा धंदा बुडाला.

हॅचरीच्या पाट्यांवरून अंदाज बांधता येतो. अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्लं निघतात. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीतली घरटी वेळ लावतात, पुढची उन्हानं लवकर उरकतात. मामा जोडीला सांगतात, "थंडीत पोरगे, उन्हात पोरी." ते खरंच आहे, वाळू जास्त तापली की माद्या होतात, गार राहिली की नर. पण पंचावन्नावा दिवस शनिवारी आला म्हणून पिल्लू शनिवारीच फुटत नाही. मी फोनवर हे वाक्य जसंच्या तसं बोलते: "तीन घरटी तारखेवर आली आहेत, शक्यता चांगली आहे, पण मी शब्द देत नाही. दोन रात्री राहिलात तर पहाट-संध्याकाळ मिळून चार वेळा बघायला मिळेल. नाही दिसली तर पैसे परत नाहीत, जेवण मात्र पोटभर." यावर फोन ठेवणारे ठेवू द्या. एका पाडव्याला एक कुटुंब पुण्याहून सहा तास गाडी चालवून आलं, मी तेव्हा उत्साहात "नक्की" म्हणून बसले होते. दोन दिवस एक पिल्लू नाही. ते गृहस्थ ओटीवर उभं राहून मला म्हणाले, "मग आम्ही आलो कशाला?" चूक त्यांची नव्हती.

शिमग्याचे पाच दिवस घर बंद ठेवा. पालखी घरी येते, मुंबईचे चाकरमानी येतात, आपल्याच माणसांना झोपायला जागा नसते. पहिल्या वर्षी आम्ही दोन्ही करायला गेलो आणि पाहुण्यांना पिठलं-भात घालून वेळ मारून नेली.

पिल्लं निघाली नाहीत तर ओटीवर बसून सांगायला काही हवं. मी प्रथमाची गोष्ट सांगते. जानेवारी २०२२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाचा टॅग बसवला, कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी मिळून. पश्चिम किनाऱ्यावरचं ते पहिलंच, म्हणून नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री खाली खाली जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ साली ओडिशात टॅग लावलेली एक मादी २०२५मध्ये चक्क गुहागरला अंडी घालायला आली. नकाशा भिंतीवर लावून ठेवलाय, पोरं बोट फिरवत बसतात. एकदा एका मुलीनं विचारलं, "मग ती ओडिशाची की गुहागरची?" मला उत्तर आलं नाही. मामांना विचारलं, ते म्हणाले, "दोन्हीकडचं रेशनकार्ड असेल."

किनाऱ्यावर

सकाळी सहा-सातच्या सुमारास आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, अशी दोनदा हॅचरी उघडतात. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. टोपली उचलली आणि खाली वाळू वळवळताना दिसली, की त्या क्षणी सगळे पुढे धावतात. म्हणून दोरी आधीच बांधलेली हवी. दोन रांगा, मध्ये मोकळी वाट, पाण्यापर्यंत. पुढच्या रांगेत पोरं आणि म्हातारी माणसं, बसून.

पिल्लांना कुणीही हातात घ्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, पाण्यात नेऊन सोडायचं नाही. ती आपली आपण चालत गेली पाहिजेत. पाच-सात मिनिटं लागतात, एखादं मध्येच थांबतं, लाट येते, दोन हात मागे फेकते, पुन्हा चालायला लागतं. लोक कुजबुजतात, "चल रे, चल." कावळे, घारी वर घिरट्या घालत असतात, तेव्हा पुतण्या कापड फिरवतो. सगळी गेली तरी लगेच पाण्यात पाय बुडवू देऊ नका. मागे राहिलेलं एखादं वाळूच्या रंगाचं असतं, दिसत नाही. आम्ही दहा मिनिटं थांबवतो आणि तेवढ्यात मामा बोलतात. भाषण देणारा शहरातला माणूस आणू नका. ज्यानं पूर्वी अंडी विकली तो जेव्हा सांगतो की मी विकत होतो, तेव्हा लोक मोबाइल खाली ठेवतात.

वाटणी

भांडणं होणार. नऊ घरांत एकच बुकिंगचा फोन ठेवा आणि पाहुणे पाळीनं वाटा. घरांचा क्रम एका वहीत, पाळी झाली की खूण. अमक्याच्या मुंबईच्या भाच्यानं पाठवलेले पाहुणे अमक्याच घरी, हे आमच्याकडे एकदा चाललं आणि दोन घरं फुटायच्या बेताला आली. आता नियम असा: तुझे पाहुणे तुझ्याकडे ठेव, पण तुझी पाळी मोडली. सगळे गपचूप पाळतात.

ज्यांच्या घरात जागा नाही किंवा संडास नाही त्यांना वगळलंत तर तीच घरं पुढे अंडी राखायला मदत करणार नाहीत. आमच्याकडे भाकऱ्यांचं काम खालच्या वाडीला दिलंय. पोह्याचे पापड, आंबापोळी, कोकम सरबत विकायला एकच टेबल, आठवड्याला एका कुटुंबाचं. नारळ, भाजी गावातूनच. दापोलीहून फक्त साखर, चहा आणि तेल येतं. रिक्षावाला गावातलाच, स्टँडवरून आणण्याचा दर ठरलेला.

कोळी मंडळींशी वेगळं बोला. त्यांच्या जाळ्यात कासव अडकलं तर त्यांचं नुकसान खरं असतं, आणि "सोडा" म्हणणं सोपं असतं. डिसेंबर २०१८पासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित प्राणी जाळं कापून सोडला तर जाळ्याची भरपाई २५,००० रुपयांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी फोटो, व्हिडिओ लागतो. आमच्या पोरींनी किनाऱ्यावर बसून दोन-तीन जणांचे अर्ज भरून दिले. तेव्हापासून रात्री कासव वर आलेलं दिसलं की पहिला फोन होडीवरून येतो.

जेवणाचं फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. हॉटेलातलं पनीर करू नका. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, डाळिंब्यांची उसळ, सोलकढी, सकाळी घावणे आणि नारळाची चटणी. मासे त्या दिवशी होडीला मिळाले तर. मोदक फक्त रविवारी, नाहीतर कंबर मोडते.

आणि तुमच्याकडे कासवं येतच नसतील तर ओढूनताणून कासवं आणू नका. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्हवतात. आपल्या खाडीत, आपल्या सड्यावर काय आहे ते त्या बाईंनी आधी बघावं. त्यांच्याकडे कासवं आहेत असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की एक हंगाम फक्त माग मोजा, तारीख लिहा, वनखात्याला कळवा. परवा त्यांचा पुन्हा फोन आला होता. दोन माणसं ठरवलीत म्हणाल्या, त्यातला एक त्यांचा चुलत दीर, पूर्वीचा अंडीवाला. रंगाचं त्यांनी विचारलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात शेवटची टोपली उचलली जाते. रिकाम्या घरट्यांतली कवचं मोजून वहीत मांडायची, न फुटलेली अंडी वेगळी. गाद्या दोन दिवस कडक उन्हात. पावत्यांची बुकं बांधून ग्रामपंचायतीच्या कपाटात. हॅचरीची जाळी पहिल्या पावसाच्या आत काढा, नाहीतर कुजते आणि पुढच्या वर्षी नवी घ्यावी लागते. घडी घालण्याआधी नीट झटका, आत कुर्ल्या अडकून बसलेल्या असतात, बोट धरतात.